कडीचा डबा

१

निरांजनात तूप अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं. फुलवातीचं टोक काळं पडलेलं, बूड मात्र पांढरं. थोडं तूप डब्याच्या तळाशी सांडून घट्ट झालं होतं. तेही धरलं, तर हा दिवा जेमतेम पाव जळला असावा.

मी डबा खिडकीपाशी नेला. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, वर धरायला कडी असलेला. लग्नातल्या भांड्यांवर असतात तशी त्याच्या बुडावर टिंबाटिंबांनी नावं घातली होती: मिताली–प्रफुल्ल.

"बेबीताई, हा दिवा विझला कसा?"

बेबीताई माझ्याकडे पाठ करून वाती वळत होत्या. वर्षभरात त्यांनी हा डबा उघडला नव्हता. आता परवा रामाजींचं वर्षश्राद्ध होतं, आणि देवांची भांडी मोजून ठेवायला त्यांनी मला शेजारून बोलावलं होतं.

"आपोआप विझला," त्या म्हणाल्या. "मी न्हाणीतून निघाली तं भोंगा वाजून राहिला होता, अन् दिवा गेलेला. देवानंच विझवला. तवाच समजली मी, काई तरी वाईट होते म्हणून."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलू चारुताई? माह्याच दिव्यानं माणूस नेला माहा."

रामाजी भेंडारकर इथल्या पोलाद प्लांटच्या कोक ओव्हन विभागातून निवृत्त झालेले. स्मृति नगरात त्यांचं घर माझ्या भिंतीला लागून. गेल्या वर्षी नातीच्या बारशाला दोघं आयर्लंडला गेली. लाँगफर्ड नावाच्या लहानशा गावात प्रफुल्ल, त्यांचा मुलगा, नोकरी करतो. त्याचं घर एका खोलीचं, त्यात बायको मिताली ओली बाळंतीण. म्हणून आईवडील, बहीण गुंजन आणि जावई रूपेश अशा चौघांची सोय त्याने एका स्वस्तातल्या हॉटेलात केली होती. खाली पब, वर खोल्या. एका सकाळी तिथे आगीची घंटा वाजली. नियमाप्रमाणे सगळ्यांना जिना उतरून बाहेर जावं लागलं. हृदय आधीच कमजोर असलेले रामाजी शेवटच्या पायऱ्यांवर कोसळले, ते उठले नाहीत.

घंटा का वाजली, याबद्दल कुणाला शंका नव्हती. खोलीत बेबीताईंनी दिवा लावला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या स्वतःच हे सांगत. तेव्हापासून त्यांच्या हाताने या घरात दिवा लागला नव्हता. श्राद्ध झालं की देव गुंजनकडे कुरुदला जाणार होते, दुसऱ्या दिवशी घराच्या विक्रीवर सही होणार होती आणि बेबीताई प्रफुल्लबरोबर जाणार होत्या. निदान प्रफुल्ल तसं म्हणत होता. बेबीताई वर्षभर एकच शब्द म्हणत आल्या होत्या: "पाहू."

मी निवृत्त होईपर्यंत दुर्गच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. जे दिसतं ते बोलून टाकायची सवय सुटलेली नाही.

"भरलेला दिवा आपोआप विझत नाही, बेबीताई. कुणीतरी विझवलाय."

खोलीत सगळेच होते. प्रफुल्ल फोनवर बोलता बोलता थांबला. गुंजन ताटं पुसत होती, तिचा हात थांबला. रूपेशने पंख्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं, तर निरांजन वर्तमानपत्रात गुंडाळून जागच्या जागी ठेवलेलं होतं. डबा गेला होता.

२

चोराने पितळेचा दिवा ठेवला आणि स्टीलचा साधा डबा नेला. माझ्या बोलण्याने घाबरलेल्या माणसाने दिवा न्यायला हवा होता. जो डबा नेतो, त्याला डब्याची भीती असते.

मी बेबीताईंपाशी बसले.

"तिथलं सगळं सांगा. खोली कशी होती?"

"कशी राहीन? कोंबडीचं खुराडं बरं. खालून बीअरचा वास. खिडकी चार बोटं उघडे, त्याच्यावर नाईच, म्हणून बंदच ठेवो. बाहेर नुसता पाऊस. चहा कराले एक किटली, अन् दूध म्हणजे अंगठ्याएवढ्या डबीत. हे म्हणत, या दुधानं चहा नाई होत, चहाले सर्दी होते." त्या हसल्या आणि लगेच थांबल्या.

"दिवा कुठे लावत होता?"

"दाराजवळच्या कपाटावर. देव उंच पाहिजे ना. वर छताले ते गोल यंत्र होतं, त्याचा लाल ठिपका लुकलुक करे. हे म्हणत, त्याचा लाल, आपला पिवळा, दोघं बसून गप्पा मारतीन."

"रोज लावलात?"

"गेली त्या दिवसापासून. रोज सकाळी."

"आणि रोज घंटा वाजली नाही?"

बेबीताई माझ्याकडे बघत राहिल्या. हा प्रश्न त्यांना वर्षभरात कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही नाही.

"नाई," त्या सावकाश म्हणाल्या.

"न्हाणीची वाफ बाहेर आली असेल?"

"दार लावलेलं होतं. भोंगा वाजल्यावर उघडलं मी."

"कधी घाईत दिवा विझवायची वेळ आली, तर काय करता?"

"फुंकत तं नाई. तोंडची फुंकर दिव्याले मारतेत का? वात तुपात आडवी करतो. शांत होते. दोन्ही पोरायले लहानपणापासून शिकवलं हाय."

मग मी डब्याचं विचारलं.

"तो डबा मितालीचा. तिच्यापाशी तेवढा एकच होता तिकडे. रोज सकाळी प्रफुल्ल त्याच्यात दूध आणे, घरून तापवून. तिकडचं दूध तापवा लागत नाई म्हणतेत, पण आमाले तापवल्याबिगर गळ्याखाली उतरत नाई. रातच्याला तो डबा धुऊन परत द्यायचा, नाई तं सकाळी दूध कशात आणीन? अन् रिकामा कसा द्यायचा? हॉटेलात साखरेच्या पुड्या राहत, त्या फोडून चिमूटभर टाको मी."

"आदल्या रात्रीही दिला होता?"

"दिला ना. साखर टाकून. मितालीनं फोनवर चिडवलंही मले, आई, आता हॉटेलवाले तुमच्यावर केस करतीन."

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "जिन्यात हे म्हणे, बाबू खाली हाय, चाल लवकर. प्रफुल्लले बाबूच म्हणत ते. मले वाटलं जीव घाबरला म्हणून काई तरी बोलून राहिले. पण खरंच प्रफुल्ल खाली होता. त्यायले आधीच कसं समजलं, चारुताई? जाणाऱ्या माणसाले समजते का?"

मी उत्तर दिलं नाही. मला ते त्या क्षणी सुचलं होतं, म्हणूनच दिलं नाही.

३

घरी येऊन मी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि दिवा पेटवला. तुपाची स्थिर ज्योत. वर तळहात धरला, ऊब लागली, धूर नाही. काडीने वात तुपात बुडवली. ज्योत गेली, तरी धूर जवळपास नाहीच. पुन्हा पेटवला. या वेळी मला थोडं थांबावं लागलं, कारण मीही असं कधी केलेलं नाही. मग फुंकर मारली. टोकाचा निखारा तांबडा राहिला आणि त्यातून पांढरा, दाट धुराचा दोरा सरळ छतापर्यंत चढत गेला. न जळालेल्या तुपाची ती वाफ. त्या लाल ठिपक्याच्या यंत्राला एवढी पुरे.

म्हणजे कुणीतरी फुंकला होता. ज्या घरात दिवा फुंकत नाहीत, त्या घरातल्या माणसाने.

प्रफुल्ल अंगणात खुर्च्या मांडत होता.

"काकू, तुम्ही आईच्या डोक्यात कशाला नवीन भरताय?" त्याचा आवाज नरम होता. "झालं ते झालं. तिला मी घेऊन जातोय ना."

"त्या सकाळी तू कुठे होतास?"

"गाडी लावत होतो. आत आलो तर सगळे जिन्यावरून उतरत होते." तो थांबला. "खरं सांगू? मला जिजाजींचा संशय आहे. शेजारच्या खोलीत होते. सिगरेट सुटत नाही त्यांची. बाहेर पाऊस. बाथरूममध्ये ओढली असेल. मी आजवर बोललो नाही, गुंजनच्या घरात भांडण नको म्हणून."

रूपेश पावर हाउस भागातल्या बाजारात श्राद्धाचं सामान घेत होता. पत्रावळींच्या दुकानासमोर मी त्याला गाठलं. त्याने आधी कपाळाला हात लावला.

"घ्या! साला म्हणतो ना, मीच? काकू, मी ओढतो, मान्य. लेकिन तिथे एक डबी आपल्या आठवड्याच्या भाजीएवढी महाग. मी तर रिकाम्या डबीचा वास घेऊन काम चालवत होतो."

"रूपेश."

"सॉरी. पण ऐका ना. रिसेप्शनच्या मागे एक बोर्ड होता, त्याच्यावर खोलीचा नंबर पेटतो. मावशी होती तिथली, गोरी, बिचारी चांगली होती. तिनेच मला नंतर दाखवला. बाबूजींच्या खोलीचा दिवा लागला होता, आमचा नाही. माझी सिगरेट भिंतीतून जाईल का?"

"प्रफुल्ल खाली भेटला तेव्हा त्याच्या हातात काय होतं?"

"काहीच नाही. त्याने तर बाबूजींना दोन्ही हातांनी धरलं. तसाच ॲम्ब्युलन्समध्ये बसून गेला." रूपेशने पत्रावळींचा गठ्ठा काखेत घेतला. "खोलीत पुन्हा कोणी गेलंच नाही, काकू. दुसऱ्या दिवशी गुंजन एकटी गेली, सामान भरायला. तिथून आली तेव्हापासून ती झोपेत रडते. मी विचारतो तर म्हणते, काही नाही, डोळ्यात कचरा गेला. झोपेत कचरा जातो का कधी?"

४

गुंजनचं घर कुरुदच्या नव्या वस्तीत, अर्ध्या कच्च्या रस्त्याला. बाजूला अजून एक शेत शिल्लक आहे. तिने मला पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं नाही.

"काकू, चहा?"

"ठेव. तापवलेल्या दुधाचा."

ती आत गेली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि पाटावर बसले. तिने पातेलं ठेवून गॅस पेटवला.

"गुंजन, रिकामा डबा परत देताना आई त्यात काय टाकते?"

"साखर," ती चटकन म्हणाली. आणि मग गॅस बंद केला.

"आदल्या रात्री डबा साखर घालून प्रफुल्लच्या घरी गेला. सकाळी प्रफुल्ल म्हणतो, मी घंटेनंतर पोचलो. त्याचे हात रिकामे होते. खोलीत नंतर कुणी गेलं नाही. मग तू सामान भरायला गेलीस तेव्हा तो डबा खोलीत कसा आला?"

मग तिने तांदळाच्या कोठीचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि डबा बाहेर काढला. कडीला तांदळाचे दाणे अडकले होते.

"टेबलावर होता," ती म्हणाली. "दुधानं भरलेला. वर साय धरली होती. मला तेव्हा काही कळलं नाही, काकू, कसम से. मी दूध ओतलं, धुतला, झाकण घट्ट आहे म्हणून आईचा दिवा त्यात ठेवला. विमानात कळलं. आई बाजूला बसून म्हणत होती, माहा दिवा, माहा दिवा. अन् माझ्या पायाशी तो डबा."

"तू भावाला विचारलंस?"

"नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मग?" तिने पदराने नाक पुसलं. "बाबा गेलेच होते. मी म्हटलं, एक गेला, आता दुसरा कशाला घालवू? भाऊ एकच आहे. म्हणून मी आईला घालवलं. रोज थोडं थोडं. ती दिवा लावत नाही, मी बघते. ती आपले देव माझ्या ओटीत घालणार, म्हणते माझे हात अपवित्र. मी ओटी पसरणार होते, काकू. उद्या."

शेतातून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मला तिच्यावर रागवता येईना आणि तिची समजूतही घालवेना.

"हा डबा परत द्यावा लागेल," मी म्हणाले.

"रिकामा?"

"चल."

५

संध्याकाळ व्हायची होती. प्लांटच्या बाजूने वारा होता आणि अंगणातल्या तुळशीवर तांबूस धूळ बसली होती. बेबीताई देवघरासमोर बसल्या होत्या, देव तांब्याच्या ताटात काढून ठेवलेले. प्रफुल्ल भिंतीला टेकून उभा होता. रूपेश दारात थांबला.

मी देवघराच्या पायरीवर निरांजन ठेवलं, त्यात नवी वात घातली आणि पेटवली. बेबीताईंनी मान फिरवली.

"बघा बेबीताई. धूर आहे?"

त्यांनी हळूच पाहिलं. "नाई."

"हाच दिवा तुम्ही तिथे रोज लावलात आणि घंटा वाजली नाही. जळता दिवा धूर करत नाही. वात आडवी केली तरी करत नाही, मी आज करून पाहिलं. त्या दिवशी एकच वेगळं झालं. दिवा कुणीतरी फुंकून विझवला."

"आमच्यात कोणी फुंकत नाई," बेबीताई म्हणाल्या.

"प्रफुल्ल, इकडे ये. हा दिवा फुंकून विझव."

तो पुढे आला. गुडघ्यांवर बसला. ज्योत त्याच्या चेहऱ्यापासून हातभर होती. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हा गुंजनने पदराखालून डबा काढला आणि दिव्याशेजारी ठेवला.

प्रफुल्लने डब्याकडे पाहिलं. मग तो आईशी बोलला, माझ्याशी नाही.

"आई, मी घंटेच्या आधी आलो होतो. दूध घेऊन. बाबांनी दार उघडलं. तू न्हाणीत होतीस."

बेबीताईंनी ज्योतीकडे पाहिलं.

"आदल्या दिवशी रिसेप्शनवरच्या बाईनं विचारलं होतं, खोलीत मेणबत्ती लावता का, वास येतो. मी तोंडावर नाही म्हटलं. अन् आत आलो तर दिवा. बरोबर त्या यंत्राखाली. मला लाज वाटली आई, दुसरं काही नाही. तिकडे वाढदिवसाला, कशालाही, मेणबत्त्या फुंकतातच. मी फुंकला. भोंगा वाजला. मी म्हटलं, बाबा, तुम्ही थांबा, मी खाली जाऊन बंद करायला सांगतो. अन् पळालो."

"ते कसे थांबतीन?" बेबीताई हळू म्हणाल्या. "जिंदगी प्लांटमधी गेली त्यायची. भोंगा वाजला का बाहेर."

"मी विसरलो. मी खाली त्या बाईला सांगत होतो, काही नाही, काही नाही, सॉरी. अन् मागे तुम्ही उतरत होता. मी हात धरायला पाहिजे होता. दवाखान्यात सगळे म्हणाले, दिव्यानं वाजला. तूच म्हणालीस, माहा दिवा. मी म्हटलं, उद्या सांगतो. मग म्हटलं, घरी गेल्यावर सांगतो. तुला तिकडे नेतो म्हटलं, जन्मभर सांभाळतो, म्हणजे फिटेल."

"सांभाळाले नेऊन राहिला होता का लपवाले?"

दिवा जळत होता. दारातल्या रूपेशने तोंडावर हात धरला होता.

"मी वर्षभर विचारून राहिली तुले," बेबीताई म्हणाल्या. "जाताना काई बोलले का? तू म्हणे, नाई."

"ॲम्ब्युलन्समध्ये नाही बोलले. खोलीत बोलले." प्रफुल्ल निरांजनाकडे बघत म्हणाला, "मी वाकलो तेव्हा म्हणाले, फुंकू नको, बाबू. माझ्याशी शेवटचं तेवढंच."

बेबीताईंनी डोळे मिटले. मला वाटलं, मी उठावं. या घरात आता मला काम नव्हतं, आणि जे केलं ते चांगलं केलं की वाईट, हेही मला ठरवता येत नव्हतं. गुंजन आईच्या पायाशी सरकली.

"आई, मलाही माहीत होतं. डबा मीच…"

"समजलं मले," बेबीताई म्हणाल्या. "डबा पाहून समजलं. तुम्हा दोघायले आज मी काईच बोलणार नाई. आज बोलली तं जास्तीचं बोलीन. उद्या श्राद्ध होऊ दे."

त्या उठल्या. वर्षभर त्या भिंतीला धरून उठत; आताही भिंत धरली. ताटातले देव त्यांनी एकेक करून पुन्हा देवघरात मांडले, प्रत्येकाला पदराने पुसून. निरांजन पायरीवरून उचललं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. ज्योत हलली, स्थिरावली.

मग त्यांनी डबा उचलला. स्वयंपाकघरात नेला, आणि आतून धुतल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा डब्याच्या तळाशी पसाभर साखर होती. त्यांनी झाकण दाबून बसवलं, कडी वर केली आणि डबा प्रफुल्लच्या हातात दिला.

"हा मितालीले दे," त्या म्हणाल्या. "रिकामा नाई देत मी. अन् तिले सांग, आई येत नाई. मी इथंच राहीन, माह्या देवायपाशी. हे घर विकायचं नाई."